कोल्हापूर ते लंडन: अंतर तेच, वेळ मात्र बदलत गेली

पोरगं लंडनला शिकायला निघालं की आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला, किती तास लागतात? मुंबई-लंडन सरळ अंतर ७,२०० किमीच्या आसपास, नॉनस्टॉप विमानाला साधारण दहा तास. म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई गाठायला जेवढा वेळ जातो जवळपास तेवढाच. पण हे दहा तास लई अलीकडचे.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (शाहू महाराजांच्या आधीच्या पिढीतले) १८७० च्या मे महिन्यात निघाले ते जूनमध्ये लंडनला पोचले. तेव्हा कोल्हापूरला रेल्वे नव्हती, मिरज-कोल्हापूर लाइन आली १८९१ ला, आणि सुएझ कालवा उघडून जेमतेम सहा महिने झालेले. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्सला त्यांचं निधन झालं, वय अवघं विशीचं, अर्नो नदीकाठी त्यांचं स्मारक अजून आहे. पुढं १९०२ ला शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला गेले तेही बोटीनंच, ५० टक्के आरक्षणाचा २६ जुलैचा जाहीरनामा इकडं निघाला तेव्हा महाराज तिकडंच होते.

विमानाचं बघायचं तर १९३२ ला लंडनची डाक इम्पीरियल एअरवेज कराचीपर्यंत आणायची आणि तिथनं टाटांचं छोटं विमान मुंबईला, पहिल्या खेपेला जेआरडी स्वतः चालवत होते. आपलं कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ १९३९ चं, तेही राजाराम महाराजांनीच बांधलेलं, पण हे शाहू महाराजांचे चिरंजीव, नावात घोळ नको. मग ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं, कैरो आणि जिनिव्हाला थांबत, कारण पंख्याच्या विमानात तेवढं इंधन एका दमात पुरायचं नाही. १९६० ला बोइंग ७०७ जेट आलं आणि वेळ धाडकन खाली आली.

तरी नुसत्या किलोमीटरवरनं हिशेब करू नका. वर वारं पश्चिमेकडनं पूर्वेला वाहतं, त्यामुळं जाताना जास्त आणि येताना तासभर कमी लागतो. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, मग वळसा आलाच, दिल्लीवाल्यांना जास्त, मुंबईवाल्यांना त्या मानानं कमी.

आणि तिकिटावरची वेळ तिथली-तिथली असते बरं का. उन्हाळ्यात दुपारी एकला उड्डाण आणि संध्याकाळी साडेसहाला उतरणं दिसलं की साडेपाच तासच म्हणून खूश होऊ नका, लंडनचं घड्याळ तेव्हा साडेचार तास मागं असतंय, हिवाळ्यात साडेपाच. यात कोल्हापूरहून मुंबई, वर इमिग्रेशनसाठी तीन तास आधी पोचणं हे धरलंच नाही अजून, त्यामुळं घरातनं आदल्या रात्रीच निघायला लागतंय.