सातशे अश्वशक्ती जमिनीवर उतरते कशी?

"मामा, ७०० अश्वशक्तीची गाडी ६५०वालीच्या मागे कशी पडेल?" भाच्याच्या मोबाइलवर पोर्शे ९११च्या दोन गाड्या होत्या. २०१७ची जीटी२ आरएस, वजन १४७० किलो. २०२०ची टर्बो एस, शक्ती कमी आणि वजन जास्त, १६४० किलो. टनामागे हिशेब केला तर पहिलीत ४७६ अश्वशक्ती, दुसरीत ३९६. तरी शून्यापासून ताशी १०० किमी गाठायला कंपनीच्याच आकड्यांनुसार पहिलीला २.८ सेकंद लागतात, दुसरीला २.७.

उत्तर चिखलात फसलेल्या ट्रॅक्टरने आपल्याला आधीच दिलेलं आहे. इंजिनात जोर भरपूर, पण चाकं जागच्या जागी गरगरतात. गाडी पुढे जाते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणामुळे.

शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. ७०० अश्वशक्ती म्हणजे ५१५ किलोवॅट. वेग ताशी ३६ किमी, म्हणजे सेकंदाला १० मीटर असताना ही सगळी शक्ती वापरायची तर ५१,५०० न्यूटन बल लागेल. गाडीचं वजन आहे सुमारे १४,४०० न्यूटन. वजनाच्या साडेतीन पट ढकलणारं घर्षण रस्त्यावरचा कुठलाही टायर देऊ शकत नाही. त्या क्षणी बरीचशी अश्वशक्ती वापरताच येत नाही.

आता खरी गंमत. ९११चं इंजिन मागच्या आसाच्याही मागे असतं, त्यामुळे उभ्या गाडीचा साधारण ६० टक्के भार मागच्या चाकांवर असतो. गाडी झेपावली की नाक उचलतं, बूड दबतं. किती भार मागे सरकतो? त्वरण गुरुत्वत्वरणाइतकं (९.८ मीटर प्रति वर्ग सेकंद) असेल, तर गुरुत्वमध्याची उंची भागिले पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, एकूण वजनाचा तेवढा हिस्सा. उंची अर्धा मीटर धरू, अंतर २.४५ मीटर. म्हणजे आणखी २० टक्के. मागे ८०, पुढे २०.

जीटी२ आरएसची फक्त मागची चाकं ढकलतात, पुढचे २० टक्के फुकट जातात. एवढं त्वरण मिळवायला तिच्या टायरना १.२५ घर्षण गुणांक हवा, म्हणजे चाकांवरच्या भाराच्या सव्वापट घर्षण. म्हणून तिला ३२५ मिलिमीटर रुंदीचे, जवळजवळ शर्यतीचे टायर आहेत. टर्बो एसची चारही चाकं ढकलतात. तिचं सरासरी त्वरण १०.३ मीटर प्रति वर्ग सेकंद आहे, आणि त्यासाठी सरासरी १.०५ पुरतो. (घर्षण गुणांक एकाहून मोठा नसतोच, ही समजूत चुकीची आहे. तापलेलं मऊ रबर रस्त्याच्या खाचाखोचांत रुतून बसतं.) नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडण्याऐवजी हवेचा दाब आणि टायरची नक्षी तपासावी, पकड तिथे असते.

वेग वाढतो तसं त्याच शक्तीतून मिळणारं बल घटतं. गिअरमधला तोटा सोडला, तर जीटी२ आरएसमध्ये ते वजनाइतकं उरतं ताशी १२९ किमीच्या आसपास. तिथून पुढे अडसर टायरचा राहत नाही, इंजिनाचा होतो. आणि म्हणूनच ताशी २०० किमी गाठायला टर्बो एसला ८.९ सेकंद लागतात, जीटी२ आरएसला ८.३.