आत्मसन्मान (मानसशास्त्र)

स्वतःच्या योग्यतेबद्दल व्यक्तीने मनाशी बांधलेला एकंदर अदमास. विशिष्ट काम जमेल, या विश्वासाहून तो निराळा. निष्णात सर्जनही स्वतःला कवडीमोल समजत असू शकतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये त्याचे सूत्र दिले : यश भागिले आकांक्षा. छेद लहान केला, म्हणजे आकांक्षा कमी केल्या, तरी भागाकार वाढतो. लोकप्रिय लेखनात ही बाजू सहसा गळते.

मापनासाठी समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांची श्रेणी (१९६५) सर्वाधिक वापरली जाते. ती न्यूयॉर्क राज्यातील दहा शाळांच्या ५,०२४ विद्यार्थ्यांवर बेतली होती. तिच्यात दहा विधाने असून पाच होकारार्थी, पाच नकारार्थी आहेत. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा चार पर्यायांना ३ ते ० गुण देतात. नकारार्थी विधानांचे गुण उलटावे लागतात. ते राहून गेल्यास बेरीज मध्याकडे सरकते आणि निष्कर्ष फसतो. मूळ गुणांकन गटमन पद्धतीचे, म्हणजे विधाने चढत्या तीव्रतेने लावून गुण देण्याचे, होते. सरळ बेरीज करण्याची रीत नंतर रूढ झाली.

आत्मसन्मान वाढवण्यासाठी सकारात्मक वाक्यांच्या जपाची प्रथा फ्रान्समधील एमिल कुए (१८५७–१९२६) यांच्या स्वसूचनेपर्यंत नेता येते. वीस गाठींची दोरी हाती घेऊन झोपताना व उठताना सुधारणेचे वाक्य वीसदा पुटपुटावे, असे ते सांगत. मानसशास्त्रज्ञ जोआन वुड व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागींनी चार मिनिटे मनातले विचार लिहायचे. काहींनी दर पंधरा सेकंदांना घंटा होताच ‘मी प्रेमास पात्र आहे’ असे स्वतःशी म्हणायचे. आत्मसन्मान कमी असलेल्यांत जप करणाऱ्यांची मनःस्थिती न करणाऱ्यांपेक्षा वाईट आढळली. स्वतःविषयीच्या समजुतीपासून फार दूरचे वाक्य उलट पुरावे आठवायला लावते, हे त्याचे संभाव्य कारण. याच मालिकेत, वाक्य कधी खरे व कधी खोटे ठरते या दोन्हींचा विचार करू दिलेल्यांची स्थिती तुलनेने बरी होती. पुढील एका पुनरावृत्तीत मात्र जपाचा अपाय दिसला नाही. त्यामुळे जप सरसकट घातक म्हणण्यापेक्षा, गरज ज्यांना अधिक त्यांच्याच बाबतीत त्याच्या उपयोगाची खात्री कमी, एवढेच म्हणणे सयुक्तिक.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी आत्मसन्मान वाढवण्याचे उद्दिष्टच नाकारले. कृतीला गुण द्यावेत, संपूर्ण माणसाला देऊ नयेत, हा त्यांचा विनाअट आत्मस्वीकार. ‘मी नापास झालो, म्हणून मी नालायक’ यातला ‘म्हणून’ ते तपासायला लावत; ‘मी हुशारच आहे’ असे घोकायला सांगत नसत. महाराष्ट्रात एलिस यांची ही उपचारपद्धती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते.