रिसोर्स आणि रिझर्व्ह: खाणीच्या बातम्यांतली नेहमीची गल्लत

९ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्रीय खाण मंत्रालयाने जाहीर केलं, की जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात, सलाल-हैमना भागात लिथियमचा ५९ लाख टनांचा अंदाज निघाला आहे. लगेच भारताला चिली-ऑस्ट्रेलियाच्या पंगतीत बसवणारे मथळे सुरू झाले. काही ठिकाणी तर या आकड्याची तुलना थेट चिलीच्या रिझर्व्हशी झाली. घोषणेत मात्र दोन शब्द स्पष्ट होते: ‘इन्फर्ड रिसोर्स’, आणि त्याला जोडून जी-३. पुढे त्या ब्लॉकचा लिलाव निघाला, पुरेसे बोलीदार आले नाहीत आणि मार्च २०२४ मध्ये तो रद्द झाला. खिशातले पैसे घालणाऱ्यांनी ते दोन शब्द नीट वाचले असणार.

रिसोर्स म्हणजे जमिनीखाली काय आहे, याचा भूवैज्ञानिकाने बांधलेला अंदाज. त्यात एकच आर्थिक अट असते: हे कधीतरी काढणं परवडेल, अशी वाजवी शक्यता हवी. रिझर्व्हचा प्रश्न वेगळा. ठरावीक आराखड्याने, ठरावीक यंत्रांनी, आजच्या भावात, आजच्या कायद्यात यातलं किती काढून विकता येईल आणि वर नफा उरेल? पहिल्याचं उत्तर बोअरहोलच्या कोअरमधून, म्हणजे जमिनीत भोक पाडून काढलेल्या दगडाच्या कांडीतून येतं. दुसऱ्यासाठी खाण अभियंता, धातुशास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ आणि वकील असे सगळे एका टेबलाशी बसावे लागतात.

दोन्हींच्या पोटात विश्वासाच्या पायऱ्या आहेत. रिसोर्स इन्फर्ड, इंडिकेटेड, मेझर्ड असा वर चढतो. जितकी भोकं जवळजवळ पाडाल, तितकी खात्री वाढते. आपल्याकडे शोधाचे टप्पे जी-४ ते जी-१ असे मोजतात. जी-४ म्हणजे नुसती टेहळणी, जी-१ म्हणजे सविस्तर शोध. रियासीचा जी-३ म्हणजे प्राथमिक शोध, अजून दोन टप्पे बाकी. इंडिकेटेड आणि मेझर्ड रिसोर्सवर व्यवहार्यतेचा अभ्यास झाला, की त्यातला काही भाग प्रोबेबल किंवा प्रूव्हड रिझर्व्ह होतो. इन्फर्डवरून थेट रिझर्व्हवर उडी मारता येत नाही, हा जगभरचा नियम आहे. भारतात वापरल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणात हे तीन अंकांत लिहितात: पहिला अंक आर्थिक बाजूचा, दुसरा व्यवहार्यतेचा, तिसरा भूवैज्ञानिक खात्रीचा. १११ म्हणजे प्रूव्हड रिझर्व्ह, ३३३ म्हणजे इन्फर्ड रिसोर्स. बातमीत हा अंक छापला, तरी अर्धा गोंधळ मिटेल.

खरी गंमत आकडेमोडीत आहे. समजा, सोन्याच्या एका खाणीत एक टन दगड काढून, दळून, सोनं वेगळं करायला ६,३०० रुपये लागतात. दगडातलं ९० टक्के सोनं हाती येतं आणि भाव ग्रॅमला ७,००० रुपये आहे. (सगळे आकडे सोयीसाठी घेतलेले.) म्हणजे एका ग्रॅममागे ६,३०० रुपये मिळतात, आणि टनामागे १ ग्रॅमपेक्षा कमी सोनं असलेला दगड तोट्याचा ठरतो. ग्रेड म्हणजे टनामागचं धातूचं प्रमाण, आणि ही झाली कट-ऑफ ग्रेड. भाव ५,००० वर उतरला, तर तीच सीमा १.४ ग्रॅमवर जाते. एक ते १.४ ग्रॅममधला सगळा दगड रात्रीतून रिझर्व्हमधून बाहेर! दगड जागचा हललेलासुद्धा नसतो. भाव १०,००० झाला, तर सीमा ०.७ ग्रॅमवर येते आणि काल टाकाऊ असलेला कडा आज खनिज होतो. म्हणून तारीख आणि गृहीत भाव नसलेल्या रिझर्व्हच्या आकड्याला माझ्या मते काडीची किंमत नाही.

यात आणखी एक मेख आहे, जी खाणीवर काम केलेल्यांनाच सहसा ठाऊक असते. वरच्या ६,३०० मधले निम्मे, म्हणजे ३,१५० रुपये, दगड फोडून वर आणण्याचे आहेत असं धरू. खालचं चांगलं खनिज गाठण्यासाठी वाटेतला हलका, म्हणजे कमी सोन्याचा दगड तसाही काढावाच लागतो. तो एकदा डंपरमध्ये पडला, की ३,१५० खर्च होऊन गेलेले असतात. आता प्रश्न एवढाच, की डंपर दळणाच्या मिलकडे वळवायचा की डंपकडे, म्हणजे टाकाऊ दगडाच्या ढिगाकडे? इथे फक्त पुढचा खर्च मोजायचा, म्हणून सीमा ०.५ ग्रॅमवर येते. एकाच खाणीत, एकाच दिवशी, दोन कट-ऑफ. दोन्ही बरोबर.

रिझर्व्ह हा रिसोर्सपेक्षा टनांत नेहमीच लहान असतो, हा समजही खरा नाही. एक मीटर जाडीच्या शिरेत टनाला ६ ग्रॅम सोनं आहे, पण यंत्राला शिरायला दीड मीटर रुंदी लागते. मग बाजूचा अर्धा मीटर फुकटचा दगडही सोबत येतो. टन दीडपट होतात, ग्रेड ४ ग्रॅमवर येते. याला डायल्यूशन म्हणतात. उलट बाजूने, भूमिगत कोळसा खाणीत छत तोलून धरायला खांब सोडावे लागतात; तो कोळसा रिसोर्समध्ये मोजला जातो, हाती मात्र पूर्ण येत नाही.

गोव्यात हा फरक लोकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. लोहखनिजातला हलका माल गिऱ्हाईक नाही म्हणून वर्षानुवर्षं डंपवर जात होता. चीनची भट्टी पेटली, तसा तोच माल जहाजांत भरला जाऊ लागला. २००९ मध्ये इंडियन ब्युरो ऑफ माइन्सने हेमॅटाइट या लोहखनिजाची किमान मर्यादा ४५ टक्के लोहावर आणली, म्हणजे त्याहून सरस माल टाकाऊ म्हणून फेकायचा नाही. मे २०२२ मध्ये केंद्राने लोहखनिजाचं निर्यातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि ५८ टक्क्यांखालच्या मालाची सूटही काढली. ती सूट नोव्हेंबरमध्ये परत आली. मधल्या सहा महिन्यांत हलक्या मालाचं निर्यातीचं गणितच कोलमडलं. त्याआधीचा मोठा धक्का तर कायद्याचा होता. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचं, म्हणजे खाणपट्ट्यांचं, नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून उत्खनन थांबलं. डोंगरातलं लोखंड तेवढंच राहिलं. त्या दिवशी त्याला रिझर्व्ह म्हणण्याचा आधार गेला.

ओडिशातल्या नियमगिरीचा बॉक्साइट तर त्याहून ठळक उदाहरण. न्यायालयाच्या निकालानंतर २०१३ मध्ये १२ ग्रामसभांनी खाणीला नकार दिला, आणि तिथला बॉक्साइट रिसोर्स म्हणून डोंगरातच राहिला. लोकांची संमती ही भूगर्भाइतकीच कठीण अट आहे, आणि ती हिशेबात शेवटी नव्हे, सुरुवातीलाच धरावी, असं मला वाटतं. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींचं उलटं झालं. तिथल्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या, ग्रेड घसरत गेली, पाणी उपसणं आणि माणसं-माल वरखाली करणं महाग होत गेलं. २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद झाल्या. सोनं संपलं म्हणून नव्हे, ते काढण्याचा खर्च त्याच्या किमतीवर गेला म्हणून.

गल्लतीचा याहून ढोबळ प्रकार फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रात दिसला. ३,३५० टन सोनं सापडल्याच्या बातमीने देशभर खळबळ उडवली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला: अंदाज ५२,८०६ टन खनिजाचा, टनाला ३.०३ ग्रॅम. गुणाकार करा, सुमारे १६० किलो सोनं. तोही रिसोर्सच.

कंपन्यांचे अहवाल वाचणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. अनेकदा रिसोर्सच्या आकड्यात रिझर्व्ह आधीच धरलेला असतो. तिथे दोन्हींची बेरीज केली, तर तोच दगड दोनदा मोजला जातो. आणि रिझर्व्हला वार्षिक उत्पादनाने भागून ‘इतकी वर्षं पुरेल’ म्हणू नये. जी-१ पर्यंतचं ड्रिलिंग खर्चिक असतं, म्हणून कंपन्या पुढच्या काही वर्षांपुरतंच रिझर्व्ह सिद्ध करून ठेवतात. भागाकार सांगतो तो त्यांनी ड्रिलिंगवर केलेला खर्च, खाणीचं आयुष्य नव्हे.

कोळशात तर शब्दच फसवतो. आपल्या जुन्या भारतीय पद्धतीत कोळशाचं ‘प्रूव्हड’ म्हणजे फक्त भूवैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध. काढणं परवडतं की नाही, याचा त्यात विचारच नाही. २०१० मध्ये कोल इंडियाने भागविक्रीच्या वेळी आकडे दिले, तेव्हा एकूण रिसोर्स सुमारे ६५ अब्ज टन, त्यातला प्रूव्हड सुमारे ५२ अब्ज, आणि खाणीतून काढता येण्याजोगा सुमारे २२ अब्ज टन निघाला. देशात शेकडो वर्षांचा कोळसा आहे असं म्हणणारे यातला कोणता आकडा धरतात, ते विचारून पाहा.