पानावरचं पांढरं: मेण की पिठ्या ढेकूण?

"त्या गुलाबासारख्या झाडावर भुरी पडलीया गं. सगळी पुसून काढली बघ!" कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून काकूंचा फोन. झाड एचेव्हेरियाचं. निळसर पांढरी पानं ओल्या फडक्यानं घासून काकूंनी हिरवीगार चकचकीत केली होती. भुरी, म्हणजे पानावरची पांढरी बुरशी, नव्हतीच ती. झाडाचं स्वतःचं मेण होतं.

एचेव्हेरिया, ग्रॅप्टोपेटालम अशा सक्युलंटांच्या, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या झाडांच्या, पानांवर हा थर जन्मजातच असतो. कडक उन्हाची झळ तो कमी करतो, आणि त्याच्यामुळं पाणी अळवावरच्यासारखं घरंगळून जातं. जुलैत आपल्याकडं आठवडाभर ऊन दिसत नाही, तेव्हा हे घरंगळणं फार मोलाचं. एकदा पुसलेल्या पानावर तो पूर्वीसारखा परत येत नाही.

गंमत म्हणजे पिठ्या ढेकणाच्या, म्हणजे मिलीबग या किडीच्या, अंगावरचं पांढरंही मेणच. उसावरचा लोकरी मावा पाहिलेल्यांना हा कापूस ओळखीचा वाटेल. कीड वेगळी, पांघरूण तसलंच. पण झाडाचं मेण पानभर सारखं पसरलेलं असतं, ढेकूण मात्र कोपरे धरतो: पान खोडाला चिकटतं ती बेचकी, मधला कोवळा शेंडा, पानाची खालची बाजू. टूथपिकनं टोकरून बघा. मेण असेल तर नुसती रेघ उमटते. ढेकूण असेल तर दोन-तीन मिलिमीटरचा गोळा सुटून येतो, चिरडला की पिवळट किंवा नारिंगी रस निघतो. कुंडीवर मुंग्यांची ये-जा असेल तर माझा संशय बळावतोच, कारण ढेकूण जो गोड चिकटा सोडतो त्याच्यासाठी त्या येतात. त्याच चिकट्यावर पुढं काळी बुरशी चढते.

ढेकूण सापडला तर कुंडी आधी बाकीच्यांपासून लांब ठेवा. मग कान साफ करायची काडी 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून फक्त त्या गोळ्यांवर टेकवायची, संध्याकाळी, सावलीत. अंडी आणि बारीक पिल्लं निसटतात, म्हणून आठवड्याच्या अंतरानं तीन-चार वेळा तरी. निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी बिनमेणाच्या झाडांवर चालतं. एचेव्हेरियावर मी ते फवारत नाही, कारण ढेकणाबरोबर पानाचंही मेण उतरतं.

वर काही दिसत नाही आणि झाड तरी मलूल? कुंडीतून काढा. मुळांवर कापसासारखे पुंजके दिसले तर तो मुळांवरचा ढेकूण. जुनी माती टाकून द्या, मुळं धुवा, दोन-चार दिवस सुकू द्या आणि भरपूर वाळू-खडी घातलेल्या नव्या मातीत लावा. नर्सरीतून आणलेली नवी कुंडीही मी दोन-तीन आठवडे वेगळीच ठेवते.

काकूंच्या झाडाला आता मधून नवी पानं आलीत, पांढरट निळी. खालची पानं अजून हिरवीच आहेत, एकावर फडक्याची कड जिथं थांबली तिथली रेघ स्पष्ट दिसते.