ताप, पुरळ आणि गार पडलेले तळवे

बडोद्यातल्या मराठी घरात मूल तापलं आणि अंगावर काही उठलं की आजाराला दोन नावं मिळतात. आजी म्हणते गोवर, शेजारच्या काकी म्हणतात ओरी. आपल्या कांजिण्या त्यांच्याकडे अछबडा होतात. जिला आपण नुसतं 'देवी' म्हटलं, ती गुजरातीत शीतळा. रांधण छठीला स्वयंपाक करून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी शीतळा सातमला चूल पेटवायची नाही, शिळं आणि गार खायचं, हे दांडिया बाजारातल्या कितीतरी मराठी घरांनीही शेजाऱ्यांकडून उचललं. यामागे देवीच्या साथींचा अनुभव होता. अंग जळतंय, ते निववायचं. दाराला कडुनिंबाचा डहाळा त्यासाठीच.

देवी गेली, पण गार म्हणजे बरं ही समजूत मागे राहिली. 'पाय गार पडलेत, म्हणजे ताप उतरला' हे वाक्य अजून ऐकू येतं. याच वाक्यापाशी बालरोगतज्ज्ञ कान टवकारतात.

पुरळ वाचण्याची विद्या मात्र जुनी आहे. माधवनिदान या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात मसूरिकेवर, म्हणजे देवीसारख्या पुळ्यांच्या आजारावर, अख्खं प्रकरण आहे. पुळ्या मसुरीएवढ्या, म्हणून मसूरिका. अल्-राझी या इराणी वैद्याने हजारेक वर्षांपूर्वी देवी आणि गोवर वेगळे काढले, तेही नुसत्या पुरळावरून नव्हे. पाठ फार दुखत असेल तर देवीचा संशय घ्यावा, असं तो लिहितो. पुढे युरोपात पुरळाच्या तापांना पहिला, दुसरा, तिसरा असे चक्क नंबर दिले गेले. त्यातला 'चौथा' नंतर यादीतून जवळजवळ पुसलाच गेला. १८९६ साली न्यूयॉर्कच्या हेन्री कॉप्लिक यांनी गोवराच्या मुलांच्या गालाच्या आत, दाढांपाशी, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दाखवले. ते अंगावर पुरळ येण्याआधी दिसतात. पुरळाची वाट न पाहता निदान करण्याच्या वाटेवरचं हे मोठं पाऊल.

मधल्या काळात लस आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्थॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवीची लस टोचली गेली. देशातून देवी हटायला १९७५ उजाडलं. गोवराची लस १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरणात आहे. याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. पूर्वी पुरळ म्हटलं की घर हादरायचं. आता दवाखान्यात दिसणारं बहुतेक पुरळ साध्या विषाणूंचं, चार दिवसांत जाणारं असतं, आणि त्याच गर्दीत एखादं खरोखर धोक्यातलं मूल लपून जातं.

मेंदूज्वराचा एक जिवाणू, मेनिंगोकॉकस, त्यात सगळ्यात वाईट. १८०५ साली जिनिव्हात त्याच्या साथीचं वर्णन झालं, १८८७ मध्ये व्हिएन्नाच्या वाइक्सेलबाउम यांना जिवाणू सापडला. भारतात दिल्लीने १९६६, १९८५ आणि २००५ मध्ये त्याच्या साथी पाहिल्या. हा जिवाणू रक्तात भिनला की बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त कातडीखाली झिरपतं. साध्या पुरळात रक्त वाहिनीतच असतं. दाबलं की बाजूला सरतं, डाग फिका पडतो. झिरपलेलं रक्त जागचं हलत नाही. ब्रिटनमध्ये आईवडिलांना शिकवली जाणारी पेल्याची परीक्षा एवढीच आहे: काचेचा पेला डागावर दाबायचा आणि आरपार पाहायचं. आपल्याकडे पहिली अडचण पेल्याची, कारण मांडणीत सगळा स्टीलचा कारभार. दुसरी रंगाची. सावळ्या कातडीवर ठिपके सहज दिसत नाहीत. तळहात, तळपाय, तोंडातली टाळू आणि पापणीची आतली बाजू बघावी लागते.

आणि पेला दाबेपर्यंत बराच उशीर झालेला असू शकतो. २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या, मेनिंगोकॉकसने आजारी पडलेल्या ४४८ मुलांचा अभ्यास आला. पहिले चार ते सहा तास मुलं नुसती तापलेली, किरकिरी. पाय दुखणं, हातपाय गार पडणं, कातडीचा रंग विचित्र होणं ही लक्षणं साधारण आठव्या तासाला दिसली, तर रुग्णालयात दाखल व्हायला सरासरी एकोणीस तास लागले. डॉक्टरांनी पहिल्या भेटीत पुढे पाठवलेली मुलं जेमतेम निम्मी. साधा ताप चढतानाही हातपाय गार पडतात, त्यामुळे हे एकटं लक्षण पुरावा नव्हे. पण अंग तापलेलं, तळवे गार आणि मूल मलूल, हे तिन्ही एकत्र दिसले तर थांबायचं नसतं.

बडोद्याच्या पावसाळ्यानंतर हीच गोष्ट डेंग्यूत उलट्या टोकाने समोर येते. डेंग्यूचा धोक्याचा काळ ताप उतरताना, बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात सुरू होतो. रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतं, नाडी बारीक होते, हातपाय थंड पडतात. घर हुश्श करतं नेमकं त्याच वेळी. पोटात कळा, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी या धोक्याच्या खुणा जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये नीट मांडल्या.

प्रयोगशाळेचा प्रवास याला समांतर चालू आहे. संसर्गात रक्तात वाढणारं सीआरपी हे प्रथिन १९३० मध्ये सापडलं, तसंच वाढणाऱ्या प्रोकॅल्सिटोनिनचा उपयोग १९९३ मध्ये पुढे आला आणि २०१६ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दोनच जनुकांच्या हालचालीवरून जिवाणूचा ताप विषाणूच्या तापापासून वेगळा ओळखता येतो असं दाखवलं. गल्लीतल्या दवाखान्यात मात्र डॉक्टर अजूनही, रक्त नीट फिरतंय का हे बघायला, मुलाच्या छातीवर पाच सेकंद अंगठा दाबतात, उचलतात आणि मनात मोजतात. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांत लाल व्हायला हवा. मग त्याचसाठी आईकडे वळून विचारतात, 'शू कधी केली शेवटची?'