दुसऱ्या घराचा भत्ता: ब्रिटनमधल्या २००९ च्या घोटाळ्यामागचा इतिहास

ब्रिटिश खासदारांचा 'दुसऱ्या घराचा भत्ता' १९७१ पासूनचा. मतदारसंघ दूर असलेल्यांना लंडनमध्येही बिऱ्हाड ठेवावे लागते, त्याचा खर्च भरून मिळावा, एवढाच हेतू. पण खासदारांचा पगार वाढवला की लोक भडकतात. त्यामुळे सरकारे पगार आवरत गेली आणि भत्ता फुगत गेला. २००८-०९ मध्ये त्याची मर्यादा वर्षाला २४,००६ पौंड होती. हा मागच्या दाराने मिळणारा पगारच, अशी समजूत वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेत, मुरली. खरी कीड तिथे लागली.

तपासणी नावापुरती होती. २००८ पर्यंत २५० पौंडांच्या आतल्या खर्चाला पावती लागत नसे. कोणते घर 'दुसरे', हे खासदारानेच कळवायचे, आणि ते बदलताही येई. म्हणून आधी एका घराची डागडुजी भत्त्यातून उरकायची, मग 'दुसरे घर' म्हणून दुसराच पत्ता द्यायचा आणि तिथेही कामे काढायची. विक्रीच्या वेळी करखात्याला तेच घर 'मुख्य' असल्याचे सांगितले, की नफ्यावरचा कर वाचे. मंत्री हेझल ब्लिअर्स यांनी नियम मोडला नसल्याचे सांगत १३,३३२ पौंडांचा धनादेश कॅमेऱ्यासमोर धरला, तो याच करापोटी.

माहिती अधिकाराचा कायदा २००५ मध्ये लागू झाल्यावर पत्रकारांनी हा तपशील मागितला. कॉमन्सचे, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे, प्रशासन कोर्टात गेले आणि मे २००८ मध्ये उच्च न्यायालयात हरले. जानेवारी २००९ मध्ये पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांच्या सरकारने खासदारांचा खर्च या कायद्यातून वगळण्याचा घाट घातला. विरोध होताच माघार घेतली. अखेर ८ मे रोजी 'डेली टेलिग्राफ' या वृत्तपत्राने खासदारांच्या खर्चाच्या फुटलेल्या नोंदी छापायला सुरुवात केली. जूनमध्ये अधिकृत कागद आले तेव्हा त्यांतले पत्ते काळ्या पट्ट्यांखाली होते. पत्ताच नाही, तर घरांची अदलाबदल दिसणार कशी? नोंदी फुटल्या नसत्या तर सर्वांत मोठी चलाखी झाकलेलीच राहिली असती.

लोकांच्या लक्षात राहिले ते एका खासदाराने भत्त्यातून मागितलेले १,६४५ पौंडांचे बदकांचे घर. गंमत म्हणजे ते बिल मंजूर झालेच नव्हते. मोठी रक्कम गृहकर्जाच्या व्याजात जात होती.

सभापती मायकल मार्टिन यांना पद सोडावे लागले; अशी वेळ १६९५ नंतर कुठल्या सभापतीवर आली नव्हती. खटल्यांत तिघा खासदारांनी १६८९ च्या 'बिल ऑफ राइट्स'मधल्या संसदीय विशेषाधिकाराची (संसदेतल्या कामकाजाबद्दल कोर्टात खेचता येत नाही) ढाल पुढे केली, ती सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नाकारली. त्यांतल्या डेव्हिड चेटर यांना खोट्या बिलांबद्दल १८ महिन्यांची शिक्षा झाली.

भत्ते आता 'इप्सा' या स्वतंत्र संस्थेकडे आहेत. तिने गृहकर्जाचे व्याज देणे बंद करून फक्त भाडे देण्याचा नियम केला. २०१२ मध्ये उघड झाले, की काही खासदार लंडनमधले स्वतःचे घर भाड्याने देऊन दुसरीकडे राहतात आणि तिथले भाडे इप्साकडून घेतात. नियमात ते बसत होते.