जुन्या मसल कारचे 'ॲडजस्टेबल' शॉकअप : पार्श्वभूमी

साठ वर्षांच्या गाडीचे मूळ शॉकअप, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारे शॉक ॲब्सॉर्बर, अजून धड असणं अशक्यच. त्यामुळे १९६४ ते १९७२च्या दरम्यानची जी काही मोजकी अमेरिकी मसल कार (दणकट इंजिनाची वेगवान गाडी) मुंबईत उरली आहे, तिच्याखाली नंतर बसवलेला बाहेरचा माल असतो. आणि तो माल 'ॲडजस्टेबल' असेल, तर गॅरेजमध्ये वाद ठरलेला.

फार जुन्या काळी चकत्या एकमेकींवर घासून उसळी थांबवायची पद्धत होती. नट आवळला की झाली ॲडजस्टमेंट. तेलाचे नळीवाले शॉकअप आले आणि ही सोय बहुतेक गाड्यांतून गेली. मसल कारच्या काळात ताकद वाढली, खालचा साज मात्र घरगुती गाडीचाच राहिला. १९६७च्या शेव्हरोले कॅमॅरोला मागच्या कमानपाट्यात (पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये) प्रत्येक बाजूला एकच पाटा. जोरात पिकअप घेतला की ॲक्सल थडथडायचा. १९६८ला एक शॉकअप ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे घेऊन त्यावर इलाज केला गेला. पाव मैलाच्या शर्यतवाल्यांनी पुढे ९०/१० शॉकअप लावले. वर उठताना मोकळे, खाली बसताना घट्ट. गाडीचं नाक उचललं जातं, वजन मागच्या चाकांवर जातं. सायन-पनवेल रस्त्यावर हाच गुण दात हलवतो.

खरा गोंधळ मात्र शब्दाचा आहे. 'ॲडजस्टेबल' या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या गेल्या. पहिली हवेची : पंपानं हवा भरा, गाडीची शेपूट वर. दुसरी, स्प्रिंगची बैठक आट्यांवर वर-खाली करायची. यातही उंचीच बदलते. तिसऱ्या प्रकारात फक्त आतला व्हॉल्व्ह फिरतो, शॉकअपची पकड कमी-जास्त होते आणि उंचीला हात लागत नाही. यातल्या जुन्या, नावाजलेल्या लाल डच शॉकअपमध्ये तर केवळ रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडण्याचा वेग, बदलतो. त्यासाठी शॉकअप गाडीवरून उतरवायचा, दांडा पूर्ण आत दाबून खाचेत अडकवायचा आणि फिरवायचा. झिजेनं ढिला पडलेला शॉकअप पुन्हा मूळ पकडीवर आणणं, हा त्याचा एक मोठा उपयोग.

आपल्याकडे या तिन्हींना एकच हुकूम : "कडक कर." मागचा भाग स्पीडब्रेकरला घासतो म्हणून मालक येतो, मिस्त्री रिबाउंड आवळून देतो. मग पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक उखडलेल्या रस्त्यावर एका खड्ड्यात दबलेली स्प्रिंग उघडायच्या आतच दुसरा खड्डा येतो. चाक वर वरच अडकत जातं आणि गाडी आणखी खाली बसते. घासणं वाढतं. मालक पुन्हा येतो, मिस्त्री आणखी आवळतो. दोष मिस्त्रीला देऊ नये, असं माझं मत. घासण्यावरचा उपाय कमानपाट्यात होता आणि मागितला गेला शॉकअपमध्ये.

हा घोळ टंचाईनं वाढवला. शिवडीतला अमेरिकी गाड्यांचा जोडणी कारखाना पन्नाशीच्या दशकातच बंद झाला होता. पुढे आयातीवर निर्बंध आले. साठच्या दशकात मुलुंडमध्ये शॉकअप बनू लागले, पण इथल्या गाड्यांच्या मापाचे. मग गळका शॉकअप कापायचा, सील बदलायचं, जाड तेल भरायचं. जाड तेलानं दोन्ही दिशा एकदम घट्ट होतात. 'कडक' हा शब्द इथल्या हातांत मुरला तो या दुरुस्तीतून.

२०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा क्रमांक दिला. अट, गाडी मूळ स्वरूपात हवी. न चालणाऱ्या मोठ्या बदलांत चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांचा उल्लेख आहे, शॉकअपचा नाही. तरी शुद्धतावादी लाल नळी दिसली की नाक मुरडतात. काही मालक त्यावर सरळ काळा रंग मारून मोकळे होतात.